चीक, विरजण आणि पनीर

मराठीत ‘चीक’ या एकाच शब्दात दोन अर्थ नांदतात. हिरव्या पपईला चरा दिला की पाझरतो तो चीक, आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईचे पहिले दूध, ज्याचा खरवस होतो, तोही चीक. झाडाच्या चिकाने दूध थिजते, हे मात्र आपण जवळजवळ विसरलो आहोत. होमर विसरला नव्हता. इलियडच्या पाचव्या सर्गात जखम झपाट्याने भरून येण्याला त्याने उपमा दिली ती अंजिराच्या चिकाने गोठणाऱ्या दुधाची.

भारतात दूध ‘फोडणे’ निषिद्ध होते आणि ती कला पोर्तुगीजांनी आणली, असे एक मत रूढ आहे. परंतु तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात यज्ञाचे दूध कशाने विरजावे याची चर्चा येते. तिथे पूतीक वनस्पती, पळसाची साल, बोरे आणि तांदूळ यांची नावे आहेत, आणि त्यांना देवता वा राक्षस वाटून दिले आहेत. अखेरीस पसंती मिळते ती दह्याला. यावरून त्या काळी पनीर होते असे सिद्ध होत नाही. पण वनस्पतीने दूध थिजते हे ठाऊक होते आणि ते जाणून बाजूला सारले गेले, एवढे निश्चित दिसते.

तारापूरचा किल्ला 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांनी घेतला, तोवर तो पोर्तुगीजांकडे होता. त्या पोर्तुगालात आजही काटेरी रानफुलांच्या केसरांनी मेंढीचे दूध थिजवून चीज करतात. याच किनारपट्टीवर वसलेल्या पारशी समाजाचे ‘टोपली पनीर’ मात्र परंपरेने प्राण्याच्या जठरातील द्रव्याने लागते. तिसरी वाट सिंध-अफगाणिस्तानची. तेथील ‘पनीरबंद’ हे अश्वगंधेचे भावंड. त्याच्या बियांतील विकर शेरिडन ली यांनी 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये वेगळे करून दाखवले.

तरीही कारखान्यांनी ही वाट धरली नाही. जठरातील विकर दुधातील प्रथिनाला नेमक्या एका जागी छेदते. पपईचे विकर छेदतच राहते, आणि मुरलेले चीज कडवट होते. आज ‘शाकाहारी’ म्हणून विकले जाणारे बहुतेक चीज बुरशीच्या किंवा किण्वनातून मिळवलेल्या विकरावर थिजते. म्हणजे बोईसरच्या दुकानातील हिरवा ठिपका आपल्याला झाडाकडे नेत नाही. तिकडे नेणारी खूण उरली आहे ती भाषेत, चीक या दोन अक्षरांत.