वारी जिच्या शेवटी देऊळ नव्हतं: फिस्क ज्युबिली सिंगर्स

वारी म्हटलं की शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. आळंदीहून निघा, देहूहून निघा, गात गात पोचायचं पंढरपूरला. आज ज्या वारीची गोष्ट सांगतोय, तिच्यात गाणं होतं, हाल होते, समुद्रपार प्रवासही होता. फक्त शेवटी देऊळ नव्हतं. ते परत येऊन बांधायचं होतं.

तर चला अमेरिकेत. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, साल 1866. यादवी युद्ध नुकतंच संपलंय, गुलामगिरी कायद्याने गेलीय. लष्कराच्या जुन्या हॉस्पिटलच्या बराकींमध्ये मिशनरी मंडळी एक शाळा उघडतात, फिस्क. कोणासाठी? कालपर्यंत ज्यांना वाचायला शिकवणंही दक्षिणेत कितीतरी ठिकाणी गुन्हा होता, त्यांच्यासाठी. पुस्तकांना पैसे नव्हते. मग गुलामांच्या बाजारातल्या गंजलेल्या बेड्या भंगारात विकल्या आणि त्या पैशांतून पुस्तकं घेतली. हा सीन कुठल्या सिनेमात असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

पण 1871 पर्यंत शाळा बंद पडायच्या बेताला आली. बराकी कुजलेल्या, डोक्यावर कर्ज. खजिनदार जॉर्ज व्हाइट संगीतही शिकवायचा. त्याने ठरवलं, मुलांना घेऊन गावोगाव गायचं आणि पैसे उभे करायचे. 6 ऑक्टोबर 1871 ला नऊ जण निघाले. बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतला. मिनी टेट तर जेमतेम चौदा वर्षांची. पियानोवर होती एला शेपर्ड. तिच्या वडिलांनी तिला मालकाकडून 350 डॉलर मोजून सोडवलं होतं. स्वतःच्याच मुलीला विकत घ्यायचं!

खरी अडचण पैशांची नव्हतीच. प्रश्न होता, गायचं काय? सुरुवातीला ही मुलं गोऱ्यांच्या आवडीची, त्या काळातली चालू गाणी गायची. त्यांच्याकडे दुसरीही गाणी होती, आई-बापांची. शेतात राबताना, रात्री चोरून प्रार्थनेला जमल्यावर म्हटलेली. आज आपण त्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतो. ती चारचौघांत गायला मुलं तयार नव्हती. एकतर त्यांत गुलामगिरीची आठवण होती, जी विसरायची होती. आणि दुसरं म्हणजे ती पवित्र होती. एलाने पुढे लिहून ठेवलंय की ही गाणी ते बंद दाराआड, जमिनीवर बसून, हळू आवाजात एकमेकांना शिकवायचे.

मला या सगळ्या गोष्टीचा गाभा इथेच वाटतो. प्रार्थनेला तिकीट लावलं की ती प्रार्थना राहते का?

दौऱ्याची सुरुवात वाईटच झाली. सिनसिनाटीत पन्नास डॉलरही जमले नाहीत. तेवढ्यात शिकागोला भीषण आग लागल्याची बातमी आली. या मुलांनी ते सगळे पैसे तिथल्या आगग्रस्तांना देऊन टाकले. स्वतःकडे धड गरम कपडे नव्हते, हॉटेलवाले काळे म्हणून दारातूनच परत पाठवत होते. त्याच दिवसांत व्हाइटने ग्रुपला नाव दिलं, ज्युबिली सिंगर्स. ज्युबिली म्हणजे मराठी बायबलमधलं योबेल वर्ष. दर पन्नासाव्या वर्षी दास मुक्त करायचे, अशी त्यामागची कल्पना.

नोव्हेंबरमध्ये ओबर्लिन गावात चर्चच्या धर्मगुरूंची परिषद होती. मधल्या वेळेत या मुलांना गायची परवानगी मिळाली. सभागृहात गप्पांचा गलका चालू होता. आणि त्यांनी अगदी हळू आवाजात ‘स्टील अवे’ सुरू केलं. गलका थांबला. इथून पुढे त्यांच्या कार्यक्रमात आई-बापांची गाणी पुढे आली. पहिल्या दौऱ्यातून 20,000 डॉलर घरी आले.

1873 मध्ये ते इंग्लंडला पोचले. तिथे त्यांनी व्हिक्टोरिया राणीसमोर गायलं, लंडनच्या मोठमोठ्या चर्चमध्ये गायलं. या दौऱ्यातून जवळजवळ 50,000 डॉलर उभे राहिले. नंतर हॉलंड, जर्मनीही झालं. 1 जानेवारी 1876 ला नॅशव्हिलमध्ये ज्युबिली हॉलचं उद्घाटन झालं. ती इमारत आजही उभी आहे.

आता किंमत बघा. वर्षानुवर्षं जवळजवळ रोज कार्यक्रम. बेंजामिन होम्स क्षयाने 1875 मध्ये गेला. एला सतत आजारी. थॉमस रटलिंग आणि आयझॅक डिकरसन ब्रिटनमध्येच राहिले, तिथल्याच मातीत गेले. आणि ज्या नऊ जणांनी ही शाळा वाचवली, त्यांच्यातल्या एकालाही तिथली पदवी पूर्ण करता आली नाही. मागून आलेल्यांना आली. 1888 मध्ये तिथून बाहेर पडलेला एक पदवीधर म्हणजे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचं मोठं नाव.

ही गाणी आपल्याकडेही आली बरं का! मूळ संच मोडल्यावर फ्रेडरिक लाउडिनने स्वतःचा संच काढला आणि 1884 ते 1890 जगभर फिरवला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत, जपान. आग्र्याला ताजमहालातही ते गायले.

2007 मध्ये फिस्कचे गायक घानाला गेले. देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली होती, म्हणजे पुन्हा ज्युबिलीच. त्यांचे तेव्हाचे संचालक पॉल क्वामी मूळचे घानाचेच. ज्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतून माणसं जहाजात कोंबून नेली, त्या देशात त्यांच्या वंशजांचा आवाज परत आला. त्या दौऱ्याशी जोडलेल्या अल्बमचं नाव ‘सेक्रेड जर्नी’, म्हणजे पवित्र प्रवास. डू बॉइस यांची समाधीही याच देशात, अक्रा शहरात आहे.

मग तिकिटाच्या प्रश्नाचं काय? मला वाटतं, प्रार्थना विकली जाते तेव्हा पैसा कुठे जातो यावर बरंच ठरतं. या पोरांनी आपली सगळ्यात खाजगी गोष्ट अनोळखी लोकांसमोर उघडी केली आणि बदल्यात स्वतःसाठी जवळपास काहीच घेतलं नाही. दरवर्षी 6 ऑक्टोबरला फिस्कमध्ये ज्युबिली डे पाळतात, त्या नऊ जणांची आठवण काढतात.

फिस्कच्या चार गायकांनी 1909 मध्ये ‘स्विंग लो, स्वीट चॅरिअट’ रेकॉर्ड केलं होतं. ऑनलाइन सहज सापडेल. खरखर आहे, पण इअरफोन लावून एकदा ऐका. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!