‘कुळ’ : एक शब्द, दोन दप्तरे

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातील घराण्यांची वंशावळ जुळवू पाहणाऱ्या अभ्यासकास धर्मग्रामाच्या नोंदवहीचा आधार असतो. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश तेथे १५३८ मध्ये निघाला. तेथील माणूस एकाच वहीत जन्मतो, विवाह करतो आणि मरतो.

ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील माजिवडे, कावेसर, वडवली, ओवळे या गावांसाठी अशी एकच वही नाही. साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ मध्ये ते इंग्रजांच्या हाती पडले. प्रत्येक सत्तेने आपल्या गरजेपुरतीच माणसे नोंदविली. म्हणून येथील प्रत्येक साधन ही एक स्वतंत्र संहिता आहे आणि तीत पूर्वज निराळ्या भूमिकेत उभा असतो. ही भिन्नता ‘कुळ’ या एका शब्दातही दिसते.

वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ हे उत्तर कोकणाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या या गद्य-पद्य प्रकरणांत कुळ म्हणजे वंश. कुळे, गोत्रे व वतने सांगण्यामागे मानाचा दावा असतो. बखरीची वंशावळ वाचताना हा दावाच प्रथम वाचावा लागतो.

सातबाराच्या उताऱ्यात मात्र ‘कुळाचे नाव’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने या शब्दाला मालकीचा अर्थ जोडला. बखरीत ज्याला कुळ नव्हते, तो येथे ‘कूळ’ म्हणून प्रथमच लिखित इतिहासात येतो. पुढे जमीन विकली गेली, की फेरफाराच्या एका ओळीत तो पुन्हा नाहीसा होतो. आज जेथे उत्तुंग इमारती आहेत, तेथील कित्येक घराण्यांची शेवटची नोंद अशी विक्रीचीच आहे.

बाप्तिस्म्याच्या वहीत माणूस नव्या नावाने जन्मतो; जुने नाव मागे राहते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र यात्रेकरू स्वतःच आपले गाव, वडील, भाऊ व मुलगे सांगतो. येथे पूर्वज हा निवेदक आहे. पण त्याचे निवेदनही बहुधा पुरुषांच्या नावांनीच पुढे सरकते. फेरफारात वारस म्हणून आलेली लेकीची नावे अनेकदा हक्कसोडपत्राने लगेच कमी होतात. म्हणजे वगळण्यापुरतीच ती लिहिली जातात. आगरी-कोळी समाजांत विवाहविधी चालविणाऱ्या धवलारिणीचे गाणे या मौनाशी ताडून पाहावयास हवे. तेथे वाणी स्त्रीची आहे, दप्तर नाही.

हा केवळ अभ्यासिकेतील प्रश्न नव्हे. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरे उघडली. ‘कुणबी’ हा शब्द जातिवाचक की व्यवसायवाचक, या वादावर लोकांचे हक्क अवलंबून राहिले. शब्द कोणी, कोणत्या रकान्यात आणि कशासाठी लिहिला, हे विचारणे ही साहित्यसमीक्षेची जुनी सवय. तिची गरज आता तलाठ्याच्या दप्तरालाही आहे. नोंद सापडली म्हणजे पूर्वज सापडला असे नव्हे; त्याला कोणी कोणत्या नावाने हाक मारली, एवढेच सापडलेले असते.