आगपेटीपासून औषधापर्यंत : जबड्याच्या अस्थिनाशाचा इतिहास

ठिसूळ हाडे बळकट करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट औषधांमुळे काही रुग्णांच्या जबड्याचे हाड मृत होते, ही बाब २००३ साली उजेडात आली असे सांगितले जाते. औषधाबाबत ते खरे आहे, रोगाबाबत नाही.

१८३० च्या दशकात युरोपात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या बनू लागल्या. १८४५ मध्ये व्हिएन्नातील लोरिन्सर या वैद्याने आगपेटी कामगारांतील एका विचित्र रोगाचे वर्णन केले. आधी दात दुखत, मग हिरड्यांतून पू येई आणि शेवटी जबड्याचे हाड उघडे पडे. लंडनच्या आगपेटी कारखान्यातील स्त्रियांनी १८८८ मध्ये संप केला. त्यांची बाजू वृत्तपत्रातून मांडणाऱ्या अ‍ॅनी बेझंट म्हणजे १९१७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षा. १९०६ च्या बर्न करारानंतर देशोदेशी बंदी आली. भारतात तसा कायदा १९१३ मध्ये झाला. रोग संपला आणि त्याबरोबर त्याविषयीचे ज्ञानही विस्मरणात गेले. त्यात एक निरीक्षण फार मोलाचे होते: किडलेल्या दातांच्या कामगारांना धोका अधिक असे.

बिसफॉस्फोनेटची कथा वेगळ्या वाटेने येते. शरीरातील पायरोफॉस्फेट हा पदार्थ कॅल्शियमचे थर साचू देत नाही, पण विकरे त्याला लगेच तोडतात. स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश आणि सहकाऱ्यांनी असे संयुग वापरून पाहिले की ज्यात दोन फॉस्फरस अणूंमध्ये ऑक्सिजनऐवजी कार्बन असतो आणि म्हणून ते तुटत नाही. त्यांचे महत्त्वाचे निबंध १९६९ चे आहेत. १९९५ मध्ये अलेन्ड्रोनेटला अमेरिकेत अस्थिसच्छिद्रतेसाठी मान्यता मिळाली. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना पॅमिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट शिरेवाटे दिले जाऊ लागले. अशाच ३६ रुग्णांची नोंद मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली.

पहिले स्पष्टीकरण सरळ होते. हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी औषधाने थंडावतात, जुने हाड बदलले जात नाही, म्हणून ते मरते. पण मग मांडीचे किंवा मणक्याचे हाड असे का मरत नाही? येथे रोगप्रतिकारक पेशींचा विचार करावा लागतो. ऑस्टिओक्लास्ट आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी अस्थिमज्जेतील एकाच कुळातल्या आहेत. हाडाला चिकटलेले औषध ऑस्टिओक्लास्ट हाडासोबत गिळते. मॅक्रोफेजही ते गिळू शकते. नायट्रोजनयुक्त बिसफॉस्फोनेट पेशीतील फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे विकर रोखते. त्याआधीच्या टप्प्यावरील पदार्थ साचतो आणि गॅमा-डेल्टा टी पेशी त्याला संकटाची खूण समजून चेततात. शिरेतून पहिला डोस दिल्यावर अनेकांना ताप येतो तो यामुळेच. दीर्घ उपचार घेतलेल्यांच्या रक्तात मात्र याच पेशी घटलेल्या आढळल्या आहेत. उंदरांवरील प्रयोगांत मॅक्रोफेज जखम भरण्यापेक्षा दाह वाढवण्याकडे झुकलेल्या दिसतात. तोंडात जंतूंचा कायम वावर, हाडावर पातळ आवरण आणि दात काढल्यावर थेट उघडी पडणारी जखम, म्हणून हा बिघाड जबड्यातच महाग पडतो असे मानायला जागा आहे.

२०१० मध्ये आलेल्या डेनोसुमॅबने तर पहिले स्पष्टीकरण अधिकच अपुरे ठरवले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हे प्रतिपिंड हाडात साठत नाही, फक्त रँकेल नावाचे प्रथिन अडवते. तरी जबड्याचा तोच रोग होतो. रँकेल हे टी पेशी आणि डेंड्रायटिक पेशी यांच्यातील संवादाचेही प्रथिन आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने रोगाच्या नावातील 'बिसफॉस्फोनेट' काढून 'औषधसंबंधित' हा शब्द घातला.

या भीतीने औषधच सोडणे हा उपाय नव्हे. अस्थिसच्छिद्रतेसाठी गोळ्या घेणाऱ्यांत हा रोग दहा हजारांत मोजक्यांना होतो, तर खुब्याचे हाड मोडणे वृद्धांच्या जिवावर बेतते. कर्करोगातील मोठ्या डोसांत प्रमाण बरेच अधिक, शंभरात पाचापर्यंत जाते. तेथे उपचारापूर्वी दात तपासून खराब दात आधीच काढण्याची पद्धत सुरू झाल्यावर रुग्ण घटले. ब्रिटनच्या आगपेटी कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाअखेरीस कामगारांच्या दातांची तपासणी याच कारणाने सुरू झाली होती.