विजेचे माप

धान्य किंवा तेल घेताना गिऱ्हाइकाची दृष्टी मापावर असते. माप डोळ्यांसमोर असते, म्हणूनच व्यवहारात विश्वास राहतो. वीज मात्र दिसत नाही आणि साठवून दाखविताही येत नाही. त्यामुळे घरोघरी विजेचे दिवे लागू लागले, तेव्हा ती मोजावी कशी आणि ग्राहकाची खात्री पटवावी कशी, असे दोन प्रश्न उभे राहिले.

एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील केंद्रातून वीजपुरवठा सुरू केला. त्याचे मापनयंत्र म्हणजे झिंक सल्फेटच्या द्रावणाची बरणी आणि तीत बुडविलेल्या जस्ताच्या पट्ट्या. प्रवाहाचा अल्पसा अंश द्रावणातून जाई आणि एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाऊन बसे. कंपनीचा माणूस या पट्ट्या नेऊन तोलीत असे व वजनातील फरकावरून बिल काढले जाई. पद्धत शास्त्रशुद्ध होती. परंतु ताजवा कंपनीकडे होता आणि ग्राहकाला त्यातले काहीच वाचता येत नसे.

१८८८ साली अमेरिकेत शॅलेनबर्गर या अभियंत्याला, दिव्याच्या यंत्रात पडलेली एक लहानशी स्प्रिंग चुंबकक्षेत्रात आपोआप फिरताना दिसली. त्या निरीक्षणातून प्रत्यावर्ती प्रवाह मोजणारे यंत्र जन्मास आले. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ऑटो ब्लाथी याने प्रवाह आणि दाब या दोहोंचा मेळ घालणारे मीटर सिद्ध केले. वापर वाढला की त्यातील चकती त्याच प्रमाणात वेगाने फिरे आणि तिच्या फेऱ्यांचा हिशेब आकड्यांत उमटे. ग्राहकाला आपला हिशेब स्वतः वाचता येऊ लागला, तो या चकतीमुळे.

हा हिशेब सोपा आहे. १००० वॉट शक्ती एक तास वापरली म्हणजे एक युनिट; ब्रिटनच्या 'बोर्ड ऑफ ट्रेड'ने मानलेले हे परिमाण भारतातही रूढ झाले. मागील नोंद ४३१२ आणि आजची ४३७५ असेल, तर खर्च ६३ युनिटांचा. चकतीच्या मीटरवर 'एका युनिटास ६०० फेऱ्या' असे लिहिलेले असेल आणि एका मिनिटात एक फेरी होत असेल, तर घरात १०० वॉट वीज खर्च होत आहे, असे समजावे.

भारतात १९१० च्या वीज कायद्याने, मीटरविषयी वाद झाल्यास निर्णयाचा अधिकार कंपनीस न देता विद्युत निरीक्षकास दिला. २००३ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आता अनेक घरांत चकतीऐवजी लुकलुकणारा लहानसा दिवा असतो. वजाबाकी मात्र तीच आहे. महिन्याच्या ठरावीक दिवशी आकडा टिपून ठेवणाऱ्यास बिल पडताळण्यासाठी दुसऱ्या कोणावर विसंबावे लागत नाही.