वाचनसंस्कार आणि कादंबरीची भाषा : भालचंद्र नेमाडे यांच्या संदर्भात

कादंबरीकारावर त्याच्या वाचनाचा काय परिणाम झाला, हा प्रश्न मराठी समीक्षेत बहुधा कथानकाच्या साम्यावरून सोडविला जातो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीचा विचारही पुष्कळदा याच वाटेने झाला. जे. डी. सॅलिंजर यांच्या १९५१ मधील कादंबरीशी तिची तुलना करण्यात आली. कारण दोहोंतही रूढ जगाला विटलेला तरुण विद्यार्थी आपली हकीकत सांगतो. ही तुलना अप्रस्तुत नाही. परंतु 'कोसला'ची भाषा कोठून आली, याचा उलगडा तिने होत नाही.

नेमाडे यांचा जन्म १९३८ साली खानदेशातील सांगवी येथे झाला. वारकरी आणि महानुभाव या दोन्ही परंपरा या प्रदेशात रुजलेल्या आहेत. पोथी आणि कीर्तन कानांवर पडत असलेल्या अशा समाजात बालपणीचे वाचन हे प्रथम श्रवणच असते. त्यातून कथानकांपेक्षा वाक्याची चाल अधिक खोल रुजते.

महानुभाव गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी, त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या मंडळींकडून मिळवून त्यात संकलित केल्या. पैठण, वेरूळ ही मराठवाड्यातील स्थळे त्यात येतात. छोटे प्रसंग, आखूड वाक्ये, मोकळा संवाद आणि भाष्य टाळणारे निवेदन ही त्याची लक्षणे होत. पुढे पंथाचे वाङ्मय सांकेतिक लिपीत बंदिस्त झाले व विसाव्या शतकाच्या आरंभीच अभ्यासकांपुढे आले. दरम्यान एकोणिसाव्या शतकातील शिष्ट मराठी गद्य इंग्रजी वळणाने घडून गेले होते.

'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर प्रसंगास प्रसंग जोडीत जातो. धाकट्या बहिणीच्या मृत्यूसारखे दुःखही तो अलंकाराविना सांगतो; त्यानंतरची अजिंठ्याची भेट याच संयमाने येते. 'उदाहरणार्थ' हा पुस्तकी शब्द तो बोलीच्या वाक्यात आणतो, तेव्हा शिक्षणाच्या भाषेचाच उपहास होतो. 'वगैरे'ने तो वाक्यातील गांभीर्य मोडून टाकतो.

तथापि केवळ बालपणीच्या संस्काराने ही शैली सिद्ध झाली नसती. फर्ग्युसन महाविद्यालय, डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञान आणि मुंबई विद्यापीठातील इंग्रजी साहित्य या शिक्षणाने नेमाड्यांना मातृभाषेकडे अंतरावरून पाहण्याची दृष्टी दिली. पुढे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील, १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांच्या कादंबरीविषयक लेखनात 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कृतींपासून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या आहेत. त्यांत बाबा पदमनजींच्या वास्तवदर्शी परंपरेस ते अग्रस्थान देतात. प्रौढ वाचन येथे पूर्वजांची निवड करते.

नेमाड्यांच्या देशीवादाची मर्यादाही येथेच दिसते. परकीय वाचनाचे ऋण गौण मानले, तर घरच्या गद्याचे मोल ओळखणारी दृष्टी कशी घडली, हे सांगता येत नाही. उलट, ते ऋणच सर्वस्व मानले, तर त्या दृष्टीस जे दिसले तेच नाहीसे होते. 'हिंदू' (२०१०) या कादंबरीचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, हे या संदर्भात लक्षणीय आहे. उत्खननाची विद्या त्याने विद्यापीठात मिळविली. परंतु जे उकरावयाचे ते त्याच्या गावातच होते.