अठ्ठेचाळीस किलोबाइटमधील बडा गणपती : जुन्या संगणकांसाठी नवी अवजारे

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक परवान्याने भारतीय बाजारात आणला. त्याचे नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा, टेपरेकॉर्डर हेच साठवणीचे साधन आणि ४८ किलोबाइट ही कामासाठीची एकूण स्मृती. मोबाइलने टिपलेले साधे छायाचित्रही आज याहून कितीतरी पट जागा घेते.

त्याच सुमारास, १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक निवडक शाळांत पोहोचला. नव्वदच्या दशकात ‘समुराई’सारख्या नावांनी विकले गेलेले व्हिडिओ गेम संच म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ मधील ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. ही यंत्रे बाजारातून केव्हाच गेली. मात्र त्यांच्यासाठी नवे कार्यक्रम लिहिणे थांबलेले नाही. उलट ते काम आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. त्याला कारण ठरलेली अवजारे आणि त्यांच्यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे.

यंत्रावरच लिहिण्याचे दिवस

स्पेक्ट्रम सुरू करताच त्याच्या १६ किलोबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीतील बेसिक भाषा हजर होत असे. ओळीच्या आरंभी ‘पी’ची कळ दाबली की ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द उमटे. लिहिलेले कॅसेटवर ध्वनीच्या रूपात साठवावे लागे आणि मोठा खेळ पुन्हा यंत्रात भरण्यास पाचेक मिनिटे लागत. टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमी-जास्त झाला तरी ‘टेप लोडिंग एरर’ ही ओळ नशिबी येई.

वेगवान खेळांसाठी बेसिक अपुरे पडे. त्यांना झेड-८० या प्रोसेसरची यंत्रभाषा हवी. तेथे एका चुकीच्या सूचनेने यंत्र गोठे आणि न साठवलेले काम पुसले जाई. शिवाय कार्यक्रम घडवणारे अवजार आणि घडणारा कार्यक्रम या दोघांनाही त्याच ४८ किलोबाइटमध्ये दाटीवाटीने राहावे लागे.

यावरचा उपाय तेव्हाच सापडला होता. ‘मॅनिक मायनर’ हा १९८३ मधील गाजलेला खेळ मॅथ्यू स्मिथ यांनी स्पेक्ट्रमसाठी लिहिला, पण लिहिताना वापरला टीआरएस-८० हा वेगळा संगणक. एका यंत्रावर लिहून दुसऱ्यासाठी कार्यक्रम तयार करण्याच्या या पद्धतीला क्रॉस-डेव्हलपमेंट म्हणतात. त्या काळी ही चैन थोड्यांनाच परवडे. आजचा कोणताही लॅपटॉप त्या कामास पुरेसा आहे. जड काम नव्या यंत्राने करावे आणि जुन्या यंत्राच्या हाती केवळ तयार फळ द्यावे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

अवजारांची पेटी

पेटीतील पहिले अवजार असेम्बलर. शब्दांत लिहिलेल्या यंत्रसूचनांचे ते अंकांत रूपांतर करते. स्पेक्ट्रमसाठी ‘एसजेएएसएमप्लस’ विशेष वापरात आहे. सी भाषेत लिहायचे असल्यास ‘झेड८८डीके’, तर बेसिकची सवय असणाऱ्यांसाठी ‘बोरिएल बेसिक’ हा कंपायलर आहे. जुने बेसिक प्रत्येक ओळ चालताना वाचत असे. कंपायलर तिचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवतो, त्यामुळे वेग कितीतरी वाढतो.

दुसरे अवजार एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम. ‘फ्यूज’ हा त्यांपैकी प्रसिद्ध. ‘डीझॉग’सारख्या डीबगरने कार्यक्रम हव्या त्या सूचनेवर थांबवता येतो, प्रोसेसरच्या पोटातील आकडे पाहता येतात, इतकेच नव्हे तर उलट पावली मागे जाऊन चूक कोठे झाली ते शोधता येते. १९८६ मध्ये ज्या चुकीने रात्रभराचे श्रम बुडत, ती आज काही मिनिटांत सापडू शकते. ही सर्व अवजारे विनामूल्य आहेत.

उदाहरण बडा गणपतीचे

या अवजारांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे एका कल्पित खेळावरून पाहता येईल. होळकरांच्या इंदूरमधील बडा गणपती मंदिरात सुमारे २५ फूट उंचीची, शेंदूरचर्चित, भव्य मूर्ती आहे. राजवाड्यापासून निघालेला भाविक वाटेतील अडथळे चुकवत या गणपतीपर्यंत पोहोचतो, असा खेळ स्पेक्ट्रमवर करायचा आहे, असे समजू.

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि १९२ ठिपके उंच. त्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पडतात. मूर्तीला १२ चौकोन रुंदी आणि १६ चौकोन उंची दिली, तर १९२ चौकोन लागतात. प्रत्येकाचे आठ बाइट धरून चित्राचे १,५३६ आणि रंगांचे १९२, असे एकूण १,७२८ बाइट झाले. ‘झेडएक्स-झिरो’ या अवजाराने हे चित्र लॅपटॉपवर आणखी आवळता येते. आवळण्याचे किचकट गणित लॅपटॉप करतो. ते उलगडणारा स्पेक्ट्रमवरील भाग शंभर बाइटांहूनही लहान असतो.

खरी अडचण रंगाची. एका चौकोनात दोनच रंग चालतात, आणि स्पेक्ट्रमच्या मोजक्या रंगांत शेंदरी नाहीच. त्यामुळे लाल आणि पिवळे ठिपके आलटून पालटून मांडून शेंदराचा भास निर्माण करावा लागतो. कोणतेही नवे अवजार ही मर्यादा दूर करू शकत नाही. चित्र काढतानाच ती दाखवून देते, एवढेच.

दुसरी अडचण वेळेची. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो आणि दोन वेळांमध्ये प्रोसेसरला सुमारे ७० हजार ठोके मिळतात. झेड-८०ची साधी नकलसूचना एका बाइटला २१ ठोके घेते. पूर्ण पडद्याचे ६,९१२ बाइट हलवायचे तर सुमारे १ लाख ४५ हजार ठोके, म्हणजे दोन फेऱ्यांहून अधिक वेळ हवा. म्हणून मूर्ती एकदाच काढावी आणि पुढे चालता भाविक तेवढा पुन्हा पुन्हा काढावा, हे ओघाने आले. ठोके मोजण्याचे काम पूर्वी वही-पेन्सिलीने होई. आज ते एम्युलेटर करतो.

शिरोरेखेचा प्रश्न

मंदिराच्या चित्रावर ‘बडा गणपती’ ही पाटी हवी. स्पेक्ट्रमला देवनागरी ठाऊक नाही. आठ ठिपक्यांच्या उंचीत रोमन अक्षर सुखाने बसते; देवनागरीत मात्र एक ओळ शिरोरेखेला, वरची जागा वेलांटी-मात्रांना आणि खालची उकारांना लागते. म्हणून प्रत्येक अक्षराला चार चौकोन देणे सोयीचे. ‘बडा गणपती’ या सहा अक्षरांना २४ चौकोन, म्हणजे १९२ बाइट होतात. स्पेक्ट्रमच्या बेसिकने वापरकर्त्याच्या स्वतःच्या आकृत्यांसाठी राखलेले चौकोन मात्र २१ आहेत. पाटी तीन चौकोनांनी हुकते.

यातून वाट अशी की अक्षरांचा स्वतंत्र तक्ता स्मृतीत ठेवायचा. लॅपटॉपवरील छोटा पायथन कार्यक्रम मराठी मजकूर वाचतो, काना-वेलांटीसह अक्षरे वेगळी करतो आणि स्पेक्ट्रमला केवळ आकृत्यांचे क्रमांक देतो. ज्या यंत्राशी पुण्यातील मुलांनीही इंग्रजी आज्ञांतच संवाद साधला, त्याच्या पडद्यावर मराठी खेळ उभा करणे आज एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे.

व्हिडिओ गेम संचांसाठी

हीच मूर्ती फॅमिकॉमवर न्यायची झाल्यास गणित बदलते. त्याची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. पण चित्रे कार्ट्रिजमध्येच असतात आणि पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ आकृत्या मिळतात. मूर्तीला १९२ आणि पाटीला २४ दिल्या तरी ४० उरतात. शिवाय त्याच्या रंगपटात शेंदरी आहे. येथे ‘सीसी६५’ हा कंपायलर, ‘मेसेन’ हा एम्युलेटर आणि संगीतासाठी ‘फॅमिट्रॅकर’ उपयोगी पडतात. सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी ‘एसजीडीके’ आहे, तर गेम बॉयसाठीच्या ‘जीबी स्टुडिओ’त एकही ओळ न लिहिता साधा खेळ रचता येतो.

खऱ्या यंत्रापर्यंत

तयार खेळ खऱ्या स्पेक्ट्रममध्ये भरण्यास कॅसेट लागतेच असे नाही. खेळाच्या फाइलचे ध्वनीत रूपांतर करून मोबाइलच्या हेडफोनच्या खाचेतून तो यंत्राच्या ‘इअर’ खाचेत सोडता येतो. जुने यंत्र सुरू करताना मात्र जपावे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट वीज लागते आणि त्याच्या पिनीचा मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. उलट जोडणीने यंत्र जळू शकते. कळफलकाखालील प्लास्टिकची पातळ चकती वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होते; तिच्या जागी बसणाऱ्या नव्या चकत्या मिळतात.

जुने वाचवण्याची संधी

नवे घडवणारी ही अवजारे जुने वाचवण्याच्याही कामी येतात. डीबी स्पेक्ट्रमवर हौशी मुलांनी, शिक्षकांनी लिहिलेले कार्यक्रम छापले गेले नाहीत, विकलेही गेले नाहीत. ते घरच्या कॅसेटवरच राहिले. चुंबकीय फीत बुरशीने, दमटपणाने खराब होते. कोकण-गोव्याच्या हवेत तर तिचे आयुष्य अधिकच धोक्यात असते. अशी कॅसेट सापडल्यास ती चांगल्या टेपरेकॉर्डरवर लावून तिचा आवाज संगणकात ध्वनिमुद्रित करावा. त्यातून मूळ कार्यक्रमाची फाइल काढता येते. स्पेक्ट्रम साठवलेल्या प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट लिहीत असे, त्यामुळे वाचन अचूक झाले की नाही हेही कळते. १९८६ मध्ये सिंक्लेअरची संगणक शाखा विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रमची मूळ प्रणाली एम्युलेटरसोबत देण्यास पुढे अनुमती दिली, म्हणून असा कार्यक्रम पुन्हा चालवून पाहण्यास कायदेशीर अडसर नाही. दुसऱ्यांच्या विक्रीच्या खेळांचे स्वामित्वहक्क मात्र वेगळे असतात, हे विसरू नये.

यंत्र बिघडले तर त्याची जागा एम्युलेटर घेऊ शकतो. कॅसेटवरील एकमेव प्रत पुसली गेली, तर तिची जागा घेणारे काहीच नसते. म्हणून माळ्यावरील जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याच्या शेजारच्या कॅसेट एकदा ऐकून पाहणे अगत्याचे आहे.