टोकियोची टाळी, गागोद्याची हळद

कोट चढवा. गागोदे बुद्रुकमध्ये त्याची गरज कधी पडली नसेल, पण आपण आधी टोकियोत उतरतोय, आणि तिथे १९८० सालचा डिसेंबर चालू आहे.

डोळे उघडा. हे बुदोकान. ज्युदोच्या सामन्यांसाठी बांधलेलं अष्टकोनी सभागृह आज गाण्यासाठी खच्चून भरलंय. बाहेरचा गारठा तुमच्या बाह्यांना अजून चिकटून आहे, आत मात्र हजारो अंगांची ऊब तोंडावर येते. शेजारच्या पोराने कानापुढचे कल्ले सरळ छाटलेत, मंचावरच्या तिघांसारखे. हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि रयुइची साकामोतो या तिघांचं ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ सुरू होऊन दोनच वर्षं झालीत. मागे हिदेकी मात्सुताके वायरींच्या जंजाळात उभा आहे. यंत्रांकडून काम करून घेणं हे त्याचं काम.

ताकाहाशीकडे नीट बघा. ड्रम वाजवताना त्याच्या कानांवर हेडफोन आहेत. आत यंत्राचा ठोका टिकटिकतोय, तो तुम्हाला ऐकू येत नाही, पण त्याचे हात त्या ठोक्याला एकदाही चुकत नाहीत. मग साकामोतोची ‘थाउजंड नाइव्ज’ सुरू होते आणि एक करकरीत टाळी वाजते. सभागृहात कुणाचे हात वर नाहीत. ती टाळी रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या कोऱ्या ड्रम मशीनमधून आली. लोकांसमोर ती पहिल्यांदा वाजली ती इथे, आणि तुम्ही हजर होता.

ही मंडळी पुढे कुठवर पोचली, ते उभ्या उभ्या सांगतो. त्यांच्या ‘बिहाइंड द मास्क’वर मायकल जॅक्सनने आपले शब्द घालून ते गायलं, एरिक क्लॅप्टननेही गायलं. डेट्रॉइटमध्ये टेक्नो घडवणारी पोरं त्यांच्या तबकड्या ऐकत होती. साकामोतोला ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. हे सगळं पुस्तकांत आलंय. माझी ओढ वेगळीकडे आहे, म्हणून निघू.

वाटेत क्षणभर नागोयाला थांबा, १९१२ सालात. गोरो मोरिता तारा ताणलेल्या लाकडी खोक्यावर टाइपरायटरसारख्या कळा बसवतोय. कळ दाबली की खाली तार नेमक्या जागी दबते, मग दुसऱ्या हाताने ती छेडायची. सूर हुडकण्यात वर्षं घालवायला नकोत, साध्या माणसाला महिन्याभरात गाणं वाजवता यावं. हा ताइशोगोतो. तो समुद्र ओलांडून आपल्याकडे येईल, बुलबुल तरंग होईल, आणि मुंबई-कोकणात त्याला पिकअप आणि वायर जोडली की बेंजो होईल.

आता कोट काढा, घामाने भिजेल. नव्वदीची सुरुवात आहे, वैशाख आहे, पेण तालुका आहे. विनोबांच्या जन्मगावात, गागोदे बुद्रुकमध्ये, तुम्ही हळदीच्या मांडवाशी उभे आहात.

अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवलीय, तिचा वास येतो. त्यात ओल्या हळदीचा, खोबरेल तेलाचा, मागच्या चुलीवर रटरटणाऱ्या रश्श्याचा आणि जनरेटरच्या धुराचा वास मिसळतो. घरात धवलारीण धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गातेय. तिचा आवाज संपेपर्यंत बाहेर कुणी वायरीला हात लावत नाही. नवरदेवाच्या गालांवरची हळद घामाने मानेवर ओघळलीय. व्हिडिओवाल्याने हॅलोजन पेटवला आणि उकाडा दुप्पट झाला.

“ओ पावनं, सरका जरा, पॅडवाल्याला जागा द्या!”

सरका. लोखंडी स्टँडवर ऑक्टापॅड चढतोय: रबराचे आठ चौकोन, काठी मारली की प्रत्येकातून वेगळा आवाज. हाही रोलंडचाच, बुदोकानच्या टाळीनंतर पाच वर्षांनी बाजारात आलेला. बाजूला कॅसिओ. ढोलकीवाला बोटांना पावडर चोळतोय, ताशावाला ताशा शेकोटीवर धरून तापवतोय. आणि मधोमध बेंजो.

वाकून बघा. कळांवरचा रंग बोटांनी घासून गेलाय. तारांखालच्या पट्टीशी गंजाची रेघ आहे. पिकअपची वायर एका जागी तुटली होती, तिथे डाग देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलीय. वादकाचा डावा हात कळांवर, उजव्या हातात प्लास्टिकचा छोटा तुकडा. दिवसा तो काय काम करतो, इथे कुणी विचारत नाही. तो एकदाच तार छेडतो आणि कर्ण्यातून असा धारदार सूर निघतो की गोठ्यातली बैलं माना वर करतात.

कोळीगीताचा ठेका लागला. तुमचे पाय तुम्हाला न विचारता हलतात. म्हाताऱ्या उठल्या, पोरं घुसली, कुणीतरी तुमच्या गालाला हळद फासली, दुसऱ्याने हात धरून मध्ये ओढलं. ठोका छातीत लागतोय. कानात काही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलेलंही ऐकू जात नाही. पॅडवाला डोळे मिटून वाजवतोय. त्याच्या कानांवर हेडफोन नाहीत. नाचणाऱ्यांचे पाय बघून तो लय चढवतो, दमलेले दिसले की उतरवतो.

तेवढ्यात जनरेटर खोकला. अंधार. कॅसिओ गेला, पॅड मुका झाला, कर्णे गप्प. पण ढोलकी थांबत नाही, ताशा थांबत नाही, आणि अगदी जवळ असाल तर ऐका: वीज नसलेल्या बेंजोच्या तारा बारीक आवाजात तीच चाल वाजवताहेत. नाचही चालूच आहे. दिवे परत येतात तेव्हा गाणं अर्ध्यावर तुटलेलं नसतं.

माझ्या मते हा इलेक्ट्रॉनिक बँड बुदोकानच्या बँडच्या बरोबरीने मोजायला हवा. यंत्रं जपानची, पण ठेका इथला, आणि विजेवाचूनही गाणं पुढे नेणारे हात इथले. २०१६ मध्ये रवी जाधवांनी या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा काढला, ते चांगलं झालं. पण तोवर कितीतरी हळदींत डीजेने त्यांची जागा घेतली होती.

बुदोकानचा १९८० सालचा कार्यक्रम तबकडीवर आहे, आजही विकत मिळतो. त्या हॅलोजनवाल्याने टिपलेलं मात्र तुमच्याच कपाटात असेल. घरच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट बुरशी लागण्याआधी काढा, तिची संगणकावर प्रत करून घ्या, आणि घरातल्या थोरांना विचारून बेंजो वाजवणाऱ्याचं, पॅडवाल्याचं, ढोलकीवाल्याचं नाव त्यावर लिहून ठेवा.